औषध लावूनही उवा परत येतात? आधी सापडलेली ऊ नीट बघा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या, मेडिकलमधून औषध आणलं, लावलं, चार दिवस खाज थांबली आणि दहा-बारा दिवसांत ती पुन्हा कानामागे खाजवायला लागली. मग शाळेच्या व्हॅनला दोष, शेजारच्या बाकावरच्या मुलीला दोष, ठाणे-वाशी लोकलमधल्या गर्दीला दोष, आणि पुन्हा तीच बाटली. महिन्यात तीन-चारदा औषध लावलं की टाळूची आग व्हायला लागते, उवा मात्र तिथेच असतात.

उवा परत दिसण्याची कारणं मोजकी आहेत. तुमच्या घरी त्यांतलं कोणतं लागू आहे, हे दोन गोष्टींवरून बऱ्यापैकी ठरवता येतं: सापडलेल्या उवेचा आकार, आणि औषध लावल्यापासून किती दिवस झाले. म्हणून ऊ सापडली की लगेच नखावर चिरडू नका. सेलोटेपवर चिकटवा, पांढऱ्या कागदावर लावा, खाली तारीख लिहा.

ऊ किती मोठी, दिवस कितवा

डोक्यातली पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे २ ते ३ मिमी असते. मादी डोक्यावर साधारण महिनाभर जगते आणि रोज ६ ते १० अंडी घालते. ही अंडी म्हणजे लिखा. लीख टाळूपासून ६ मिमीच्या आत, केसाच्या एका बाजूला घट्ट चिकटवलेली असते. आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत ती सेंटिमीटरभर लांबही सापडते. ती फुटायला ७ ते १० दिवस लागतात. बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम १ मिमीचं आणि फिकट असतं. तीनदा कात टाकून ते मोठं व्हायला आणखी ९ ते १२ दिवस जातात. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्त न मिळाल्यामुळे एक-दोन दिवसांत मरते.

आता हे आकडे आपल्या घरच्या डोक्यावर लावून बघा.

औषध लावून ८ ते १२ तास झाले आणि उवा हळूहळू, मरगळल्यासारख्या हलताना दिसल्या, तर थांबा. औषध काम करतंय, काही उवांना मरायला वेळ लागतो. त्या फणीने काढा, पुन्हा औषध नको. पण तेवढ्याच वेळानंतर लहान-मोठ्या सगळ्या उवा पहिल्यासारख्या पळत असतील आणि मेलेली एकही नसेल, तर एक तर औषध नीट लागलं नाही किंवा त्या उवांवर ते चालतच नाही.

सातव्या ते दहाव्या दिवशी फक्त बारीक, फिकट पिल्लं सापडली, मोठी ऊ एकही नाही, तर कुठूनही नवीन काही आलेलं नाही. त्या तुमच्याच लिखा फुटल्या. पर्मेथ्रिन, म्हणजे उवांच्या औषधांतलं नेहमीचं कीटकनाशक, जिवंत उवा मारतं, पण न फुटलेल्या लिखेतलं पिल्लू त्याच्यातून वाचतं. सर्वांत जास्त घरांत गाडी इथेच अडते, आणि दोष शाळेच्या माथी जातो.

पहिल्या २४ तासांत डोकं खरोखर साफ होतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तिळाएवढी मोठी ऊ सापडली, तर ती दुसऱ्या डोक्यावरूनच आली. पाच दिवसांपूर्वी लिखेत असलेलं पिल्लू एवढ्यात मोठं होऊच शकत नाही. अशा वेळी मुलीच्या डोक्यावर औषधाचा मारा करून उपयोग नाही, ते दुसरं डोकं शोधायला हवं.

जिवंत ऊ नाही, फक्त टाळूपासून सेंटिमीटरपेक्षा लांब रिकाम्या लिखा आहेत, तर ते जुनं आहे. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतात. ३ सेंमीवरची लीख म्हणजे तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. तिच्यासाठी औषध लावायचं नसतं.

दुसरा हात कधी मारायचा

पर्मेथ्रिन १ टक्क्याचं औषध पहिल्यांदा लावल्यानंतर बरोबर नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. कारण वरच्याच आकड्यांत आहे: तोपर्यंत बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि नवी पिल्लं अजून अंडी घालण्याच्या वयाची झालेली नसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरा हात मारला तर निम्म्या लिखा अजून बंद असतात. पंधराव्या दिवसापर्यंत लांबवलात तर नवीन अंडी पडायला सुरुवात होते. सात ते दहा दिवसांची मुदत चालते, पण नववा दिवस सर्वांत भरवशाचा.

एक सोय सांगतो. पहिलं औषध शुक्रवारी संध्याकाळी लावा. नववा दिवस पुढच्या आठवड्यातला रविवार येतो, घरी सगळे असतात, शाळा नसते. रविवारी सुरुवात केली की नववा दिवस मंगळवारी येतो आणि 'आता येत्या रविवारी बघू' म्हणत सगळं हुकतं.

लावण्यात काय चुकतं

आपल्याकडचं पहिलं कारण तेल. सकाळी खोबरेल चोपडलेल्या, घट्ट वेण्या घातलेल्या केसांवर संध्याकाळी औषध ओतलं तर ते उवांपर्यंत पोहोचत नाही. आधी साध्या शांपूने केस धुवा, तेलकटपणा जाईपर्यंत, गरज पडल्यास दोनदा. कंडिशनर नको, आणि 'शांपू अधिक कंडिशनर' असं लिहिलेली बाटलीही नको. तिचा थर औषधाला केसावर टिकू देत नाही.

दुसरं कारण पाणी. जुलै-ऑगस्टात केस वाळतच नाहीत म्हणून निथळत्या केसांवर औषध लावलं जातं आणि ते पातळ होतं. टॉवेलने टिपून घ्या. केस दमट असावेत, पाणी गळत नसावं. काही औषधं कोरड्या केसांनाच लावायची असतात. बाटलीवर तसं लिहिलं असेल तर तेच पाळा.

तिसरं, कमी औषध. खांद्यापर्यंतच्या केसांना जे पुरतं ते कमरेपर्यंतच्या केसांना पुरत नाही. दोन बाटल्या लागू शकतात. केसांचे चार भाग करून मुळापासून टोकापर्यंत चोळा. कानामागे आणि मानेच्या वर जिथे केस सुरू होतात, तिथे जास्त लक्ष द्या, उवांचा मुक्काम तिथेच असतो. घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा. अर्धा तास किंवा रात्रभर ठेवून जास्त उवा मरत नाहीत, टाळू मात्र भाजल्यासारखी होते.

धुताना मुलीला शॉवरखाली उभं करू नका. बेसिनवर वाकवून कोमट पाण्याने फक्त डोकं धुवा, डोळ्यांवर कोरडा नॅपकिन धरून, म्हणजे औषध अंगभर पसरत नाही. त्यानंतर एक-दोन दिवस शांपू नको, कारण पर्मेथ्रिनचा थोडा अंश केसांवर राहून काम करत असतो. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला हे औषध लावायचं नाही.

फणी हेच निम्मं काम

औषधाच्या आधी पाचशे रुपयांचा शांपू घेणारं घर दहा रुपयांच्या प्लास्टिकच्या फणीवर भागवतं, हे उलटं आहे. त्या फणीचे दात वाकतात, फटी रुंदावतात आणि पिल्लं निसटतात. लांब दातांची धातूची फणी घ्या, दातांमधली फट ०.३ मिमीपेक्षा कमी असलेली. लाकडाची दुतोंडी फणीही दात सरळ आणि जवळजवळ असतील तर चांगली चालते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात असल्या फण्या हाताळून, उजेडाकडे धरून घेता येतात. फटीतून बोटांच्या रेषा दिसत असतील तर ती उवांसाठी नाही.

विंचरण्याच्या दिवशी मात्र तेल किंवा कंडिशनर हवाच. भरपूर लावा. निसरड्या केसांत उवांची पकड सैल पडते, त्या पळत नाहीत आणि फणी ओढत नाही. आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढा. मग क्लिपा लावून बोटभर रुंदीची एक-एक बट घ्या, फणीचे दात टाळूला टेकवा आणि टोकापर्यंत एका दमात खाली आणा. प्रत्येक वेळी पांढऱ्या टिश्यूवर किंवा फडक्यावर पुसा आणि बघा. प्रत्येक बट दोन्ही बाजूंनी. खांद्यापर्यंतच्या केसांना २०-३० मिनिटं, लांब दाट केसांना तास लागतो. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसलात तर डोळ्यांना त्रास होत नाही.

औषध लावलं असेल तर दर दोन-तीन दिवसांनी असं विंचरा, दोन-तीन आठवडे. औषध अजिबात नको असेल, म्हणजे बाळ फार लहान आहे किंवा घरात कुणी गरोदर आहे, तर फक्त फणीनेही डोकं साफ होतं: पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी, आणि सतराव्या दिवशी तपासणी. एक दिवसही चुकवायचा नाही. पाचव्या दिवसाचा कंटाळा केला तर मधल्या काळात फुटलेली पिल्लं मोठी होतात आणि गणित पहिल्यापासून मांडावं लागतं.

दुसरं डोकं शोधताना

घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच संध्याकाळी फणीने तपासा. नुसती नजर फिरवून ऊ दिसत नाही, ती उजेडापासून पळते. आजी, आई, मोठी बहीण, पाळणाघरात जाणारं धाकटं, सगळे. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांना त्याच दिवशी औषध. मुलीच्याच उशीवर झोपणाऱ्यालाही त्याच दिवशी लावलं तर हरकत नाही. आजीला खाज नाही म्हणून तिला वगळू नका: पहिल्यांदा उवा झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तोवर ते डोकं शांतपणे सगळ्यांना उवा देत राहतं. सुट्टीत चुलत-मावस भावंडं एकाच गादीवर झोपतात. त्या घरीही मोकळेपणाने कळवा.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. म्हणून लोकलमध्ये शेजारी उभं राहून उवा होण्याची शक्यता कमी आहे. एकत्र झोपणं, मोबाइलवर दोन डोकी जोडून बसणं हे खरे रस्ते. कंगवा, स्कार्फ, हेल्मेट यांतून क्वचित. कुत्रा-मांजर माणसांच्या उवा पसरवत नाहीत. घरकामाला येणाऱ्या ताईंवर संशय घेण्याची पद्धत तर साफ सोडून द्यावी. उवांना घराची ऐपत कळत नाही, आणि रोज न्हाल्यानेही त्या जात नाहीत. ऊ पाण्याखाली कित्येक तास तग धरते.

घराची सफाई मर्यादित ठेवा. औषधाच्या आधीच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादर, टॉवेल, ओढणी एवढंच ५४ अंशांपेक्षा गरम पाण्यात धुवा. कंगवे-फण्या तितक्याच गरम पाण्यात १० मिनिटं बुडवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत दोन आठवडे बांधून ठेवा. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत पडदे आणि गोधड्या धुण्यात पाणी घालवू नका. पेस्ट कंट्रोल तर मुळीच नको: उवा भिंतीत राहत नाहीत, आणि फवाऱ्याचं विष घरातल्या लेकरांच्याच श्वासात जातं.

हे डोक्याला लावू नका

रॉकेल किंवा पेट्रोल: भाजून जीव जाऊ शकतो. झुरळांचा खडू आणि ढेकणांचा फवारा: मुलांच्या टाळूसाठी ते बनवलेलेच नाहीत. खोबरेलात कापूर: लहान मुलाने थोडा जरी गिळला तरी झटके येऊ शकतात. सीताफळाच्या बियांच्या पुडीने उवा मरतात हे खरं, पण ती डोळ्यात गेली तर डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला जखम होते, आणि केस धुताना ती डोळ्यात जातेच. गेलीच तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जुन्या चिठ्ठीवरचं लिंडेन, म्हणजे गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड, मेंदूवर परिणाम करतं; मुलांना ते नकोच.

मुलीचं डोकं भादरणं हाही उपाय नाही. वर्गात तिला जे सोसावं लागतं ते उवांच्या त्रासापेक्षा मोठं असतं, आणि त्याची गरज नसते.

सगळं नीट केलं, तरी उवा पळताहेत

पर्मेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा जगभर वाढल्या आहेत. दोन्ही वेळा बरोबर लावूनही मोठ्या जिवंत उवा राहिल्या तर तेच औषध तिसऱ्यांदा लावू नका, प्रकार बदला. डायमेथिकोन ४ टक्के हे कीटकनाशक नाही. ते उवेवर थर चढवून तिला मारतं, त्यामुळे सवय होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. कोरड्या केसांना लावून ८ तास ठेवायचं आणि सात दिवसांनी पुन्हा. ते डोक्यावर असताना गॅस, निरांजन, उदबत्ती यांपासून दूर राहायचं, केस पेट घेऊ शकतात.

आयव्हरमेक्टिनची गोळी डॉक्टरांनी दिली तरच. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलीला ६ मिलिग्रॅम, आणि नऊ-दहा दिवसांनी पुन्हा तेवढीच. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती देत नाहीत.

औषध बदलण्याआधी ती लीखच आहे ना, हेही बघा. कोंडा फुंकरीने उडतो. केसाभोवती नळीसारखं पांढरं आवरण असेल तर ते बोटाने सरकतं. लीख सरकत नाही, नखांत धरून ओढावी लागते. ओले केस बांधून ठेवणाऱ्या मुलींच्या केसांवर कधी बुरशीच्या मऊ पांढऱ्या गाठी येतात, त्या लिखांसारख्या दिसतात आणि उवांच्या औषधाने जात नाहीत.

खाज डोक्यात नाही, अंगावर किंवा जांघेत आहे

अंगावरच्या उवा दिसायला डोक्यातल्यांसारख्याच, पण राहतात कपड्यांच्या शिवणींत आणि अंगावर फक्त रक्त प्यायला येतात. अनेक दिवस कपडे बदलता न येणाऱ्या, आंघोळीची सोय नसलेल्या माणसांना त्या होतात. कंबर, काख, कॉलर या ठिकाणी खाज, आणि शिवण उलटून पाहिली की लिखा. उपाय कपड्यांवर करायचा: रोज आंघोळ, आठवड्यातून निदान एकदा कपडे-अंथरूण बदलून गरम पाण्यात धुणं, शिवणींवर कडक इस्त्री.

डोक्यातली, अंगावरची आणि जांघेतली, या तिन्ही प्रकारांत रोग पसरवणारी ऊ अंगावरचीच. साथीचा टायफस, ट्रेंच फीव्हर आणि उलटून येणारा ताप हे तिच्यामुळे होतात. टायफस आणि ट्रेंच फीव्हरचे जंतू तिच्या विष्ठेत असतात आणि खाजवताना जखमेत जातात. टायफस अंगावरच्या उवेने पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये दाखवलं. १९२८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पावसाळ्यात महाराष्ट्रात आढळणारा स्क्रब टायफस वेगळा, तो गवतातल्या बारीक माइट्समुळे होतो, आणि टायफॉइड तर पूर्णच निराळा. अंगावर उवा आणि सोबत जोराचा ताप, डोकेदुखी, पुरळ असेल तर डॉक्टरांना उवांची गोष्ट आवर्जून सांगा, एरवी ती विचारली जात नाही.

जांघेतली ऊ लहान, १ ते २ मिमीची, रुंद आणि खेकड्यासारखी. ती बहुतेक वेळा शरीरसंबंधातून येते. काख, छाती, दाढी आणि पापण्यांतही जाते. पर्मेथ्रिन १ टक्का १० मिनिटं, नऊ-दहा दिवसांनी पाहून गरज पडल्यास पुन्हा, आणि मागच्या महिन्याभरातल्या जोडीदारालाही त्याच वेळी. सोबत इतर गुप्तरोगांची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ती होते आणि लाजायचं कारण नाही. पापण्यांना पर्मेथ्रिन कधीच लावू नका. डोळ्यांसाठीचं पेट्रोलियम मलम दिवसातून दोन ते चार वेळा, दहा दिवस लावतात. लहान मुलाच्या पापण्यांत अशी ऊ दिसली तर मुलावर अत्याचार होत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवं. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

डॉक्टरांकडे कधी

डोक्यातली ऊ टायफससारखे रोग पसरवत नाही, पण नखांनी ओरबाडलेल्या टाळूत जंतू शिरतात. पिवळी खपली, पू, केस एकमेकांना चिकटणं, मानेमागे दुखऱ्या गाठी, ताप यांपैकी काही असेल तर आधी त्या जखमेवर उपचार. तिच्यावर उवांचं औषध ओतलं तर भयंकर झोंबतं. अशा जखमांनंतर काही आठवड्यांत चेहरा सुजला किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली तर मूत्रपिंडाला सूज असू शकते, त्याच दिवशी दाखवा. महिनोन्महिने डोकं उवांनी भरलेलं राहिलं आणि मूल फिकट, थकलेलं दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. रोज रात्री खाजवून झोप मोडणाऱ्या मुलाचं वर्गात लक्ष लागत नाही, त्याला आळशी ठरवू नका.

सुरुवात जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून करा. त्वचारोग तज्ज्ञ हवा असेल तर ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. जाताना सेलोटेपवर चिकटवलेल्या उवा, वापरलेल्या औषधाची बाटली आणि ते कोणकोणत्या तारखेला लावलं याची चिठ्ठी सोबत न्या, आणि त्या सकाळी केसांना तेल लावू नका.